दिव्याखाली कॅप्सलॉक

कीबोर्डवरच्या कॅप्सलॉकशेजारी जो हिरवा ठिपका पेटतो, तो कॅप्सलॉकच्या बटणाने पेटवलेला नसतो. हे वाक्य मी चारचौघांत म्हणालो की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग हळूच विषय बदलून पावसावर येतात. साहजिक आहे. बटण दाबलं, शेजारचा दिवा लागला; यात तिसऱ्याच कुणाचा हात असेल असा संशय सरळ माणसाला येत नाही. तो येतो एकाच संगणकाला दोन कीबोर्ड जोडल्यावर.

आणि हल्ली ते सगळ्यांनीच जोडलेत. लॅपटॉप घ्यायचा तो कुठेही नेता यावा म्हणून. मग मान दुखते म्हणून तो टेबलावर चार जाड दिवाळी अंक रचून त्यावर उंच बसवायचा. तिथे हात पोचत नाहीत म्हणून खाली वेगळा कीबोर्ड लावायचा. यानंतर लॅपटॉप कुठेही नेता येत नाही, पण मान ताठ राहते.

माझा मामेभाऊ नारायण पेठेत करसल्लागार आहे. त्याच्या टेबलावर उंचावर लॅपटॉप, खाली लांब कीबोर्ड, आणि उजव्या हाताला नुसत्या आकड्यांचा चौकोनी कीपॅड. लांब कीबोर्डवर आकडे आहेतच, पण ते भावाच्या बाजूला येतात आणि व्हाउचर टाकणाऱ्या ताई बसतात पलीकडे. जुलैअखेर, विवरणपत्रांची मुदत डोक्यावर. भावाने एक पॅन क्रमांक टाकायला खालच्या कीबोर्डवर कॅप्सलॉक दाबला, आणि उंचावर बसलेल्या लॅपटॉपच्या कॅप्सलॉकचा दिवाही टुणकन पेटला. तिथे कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं.

"सर, तुमचा लॅपटॉप आपोआप कॅप्स होतोय," ताई म्हणाल्या. "व्हायरस असेल."

"जुलैत नको," भाऊ म्हणाला. "ऑगस्टमध्ये बघू."

व्हायरस नव्हता. मामला असा आहे की बटण दाबलं की कीबोर्ड संगणकाला एवढंच कळवतो, अमुक क्रमांकाचं बटण खाली गेलं. सोडलं की कळवतो, ते वर आलं. त्याचा अर्थ काय, आता अक्षरं मोठी यायची की बारकी, याबद्दल तो अक्षर काढत नाही. 'ए' दाबला तरी मोठा ए की छोटा ए हे त्याला ठाऊक नसतं. ते ठरवतो संगणक. त्याच्याकडे एक नोंद असते, कॅप्स चालू आहे की बंद. बटणाची बातमी आली की तो ती नोंद उलटी करतो आणि मग कीबोर्डला माघारी निरोप धाडतो की बाबा रे, आता दिवा लाव. बटण आणि दिवा एकमेकांना चिकटून बसलेले, पण त्यांचं आपसात बोलणं नाही. बातमी वर जाते, मंजुरी खाली येते, मग उजेड पडतो.

संगणक दुरुस्तीवाल्या पोरांना हे पुस्तक न वाचता माहीत असतं. पडदा गोठला, माऊस हलेना, की ते पहिल्यांदा कॅप्सलॉक दाबून बघतात. दिवा लागला-विझला तर आत अजून धुगधुगी आहे, थांबू या. नाही लागला तर बोट सरळ पॉवरच्या बटणावर. दिवा कीबोर्डचा स्वतःचा असता तर या निदानाला काही अर्थच उरला नसता.

आधी ही भानगड नव्हती. टाइपरायटरवर शिफ्टलॉक दाबला की तो खरोखरच खाली अडकून बसायचा. गोदरेजने १९५५ साली आपल्याकडे टाइपरायटर काढला, त्यानंतर कोर्टाबाहेरच्या झाडाखाली बसून हजारो प्रतिज्ञापत्रं बडवली गेली, पण शिफ्टलॉक लागलाय का हे बघायला कुणाला दिवा लागला नाही. करंगळीलाच कळायचं. संगणकाच्या कीबोर्डची बटणं मात्र सगळी स्प्रिंगची. दाबा, पुन्हा वर. चेहऱ्यावर काही नाही.

१९८१ साली आयबीएमने पहिला पीसी आणला तेव्हा त्याच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती आणि दिवा एकही नव्हता. कीबोर्डने सांगायचं आणि संगणकाने ऐकायचं, असा कारभार; दिवा लाव म्हणून उलट निरोप पाठवायची सोयच नव्हती. कॅप्स लागलाय की नाही हे शोधायचा उपाय एकच, एखादं अक्षर टाइप करून बघणे. ती नोंद संगणकाच्या स्मरणशक्तीत ४१७ क्रमांकाच्या खोलीत ठेवलेली असायची (हा ४१७ सोळाच्या हिशेबातला, आपल्या हिशेबात १०४७). तिथे नम, कॅप्स आणि स्क्रोल शेजारी-शेजारी राहायचे, आणि डॉसमधला कुठलाही प्रोग्रॅम दार न वाजवता आत शिरून नमलॉक फिरवून येऊ शकायचा. कीबोर्डला याचा पत्ता नाही, टाइप करणाऱ्याला नाही, आणि दोघांचंही मत असं की दुसऱ्याचं काहीतरी चुकतंय.

१९८४ मध्ये आयबीएमने एटी नावाचा संगणक काढला आणि त्याच्या कीबोर्डवर तीन दिवे बसवले. तार तीच, पण आता दोन्हीकडून बोलता येणारी. दिवे बदलायचे झाले की संगणक कीबोर्डला एक हुकूम पाठवतो, आणि त्या हुकमाचा सोळाच्या मोजणीतला क्रमांक आहे ईडी. हे मी रचलेलं नाही. कंपनीच्या तांत्रिक पुस्तिकेत तसं छापलंय, आणि तेव्हा या दोन अक्षरांना आपल्याकडे आजच्यासारखा दरारा नव्हता. पुढचा कार्यक्रमही तिथेच दिलाय. ईडी आली की कीबोर्डने ताबडतोब पोच द्यायची, हातातलं सगळं काम थांबवायचं आणि पुढचा कागद येईपर्यंत स्वस्थ बसून राहायचं. मग दुसरा बाइट येतो. त्यात स्क्रोलचा १, नमचा २, कॅप्सचे ४. तिन्ही लावायचे तर बेरीज ७. तो मिळाल्यावर पुन्हा पोच, दिवे बदलतात, आणि नेहमीचं कामकाज सुरू होतं. कीबोर्ड चौकशीला पूर्ण सहकार्य करतो. कुठल्याही कीबोर्डने आजवर वकील मागितल्याचं ऐकिवात नाही.

पुढे यूएसबी आली. तिने तोच कारभार ठेवला, फक्त क्रम बदलला. तिथे नमला १, कॅप्सला २ आणि स्क्रोलला ४. का बदलला ते विचारू नये. नवी समिती जुनाच क्रम ठेवणार असेल तर ती नेमायची कशाला. पण यूएसबीमुळे एक खरी गोष्ट झाली. एका संगणकाला एक कीबोर्ड ही जुनी मर्यादा गेली आणि वाटेल तेवढे लावता येऊ लागले. विंडोजने यावर सरळ निर्णय घेतला की कीबोर्ड कितीही असोत, नोंद एकच. जिन्यातला दिवा वरच्या बटणानेही लागतो आणि खालच्यानेही, तसा कॅप्सलॉक कुठल्याही कीबोर्डवरून लावा आणि कुठूनही विझवा. निर्णय झाला की संगणक सगळ्या कीबोर्डना कळवतो, आणि सगळे एका वेळी डोळे उघडतात किंवा मिटतात. मागाहून आलेल्या कीबोर्डची पिन खोचली की त्यालाही घरातली परिस्थिती सांगितली जाते.

नुसते लॉकच नाहीत, शिफ्टही सामाईक असते. एका कीबोर्डवर कुणी शिफ्ट धरून बसलं आणि दुसऱ्यावर दुसऱ्याने अक्षर दाबलं, तर अक्षर मोठं येतं. मराठीत याची मजा जास्त आहे. इन्स्क्रिप्ट मांडणीत 'के'च्या बटणावर क आहे आणि शिफ्ट धरली की ख. ग शिफ्टने घ होतो, प चा फ, ब चा भ. म्हणजे भावाने खालच्या कीबोर्डवर 'पगार' टाइप करायला घेतला आणि पहिली दोन अक्षरं होईपर्यंत ताई लॅपटॉपच्या कीबोर्डवर शिफ्ट दाबून विचार करत बसल्या, तर भावाच्या पडद्यावर 'फघार' येतो. भारतात महाप्राण काढायला दोन माणसं लागल्याची ही पहिलीच वेळ असावी.

लिनक्सवाल्यांनी आणखी बारकाई केली आहे. त्यांच्या साध्या काळ्या पडद्याच्या जमान्यापासून एका संगणकावर अनेक कन्सोल उघडता येतात, आणि प्रत्येक कन्सोलची लॉकांची नोंद वेगळी. एकावर कॅप्स चालू ठेवून दुसऱ्यावर गेलात की दिवा आपसूक विझतो, परत आलात की पेटतो. शिवाय तिथे एक आज्ञा अशी आहे की नोंदीला हात न लावता नुसता दिवा बदलता येतो. कॅप्स बंद, दिवा चालू. खोटं बोलायची अशी अधिकृत सोय मी दुसऱ्या कुठल्या उपकरणात पाहिलेली नाही. आणि लिनक्सचा गाभा अगदी कोलमडला तर कॅप्स आणि स्क्रोलचे दिवे एकत्र लुकलुकू लागतात. पडद्यावर सांगायचीही सोय उरलेली नसते तेव्हा बिचारा डोळ्यांनी खुणावतो.

आता नमलॉकवर यायला हवं, कारण घराघरांतली खरी भांडणं तिथे आहेत.

त्या ८३ बटणांच्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हती. उजवीकडचं आकड्यांचं पटांगणच दोन पाळ्यांत चालायचं. नमलॉक चालू तर आकडे, बंद तर बाण. पुढे १०१ बटणांच्या कीबोर्डवर बाणांना स्वतःची जागा मिळाली, आता नमलॉकला सन्मानाने निवृत्त करायला हरकत नव्हती. पण आपल्यासारखाच त्यांच्याकडेही एकदा लागलेला माणूस निघत नाही.

मग लॅपटॉप आले. त्यांच्यात आकड्यांच्या पटांगणाला जागा नाही. म्हणून जुन्या लॅपटॉपवाल्यांनी शक्कल काढली की नमलॉक चालू केला की अक्षरांचीच बटणं आकडे होतील. यू, आय, ओ म्हणजे ४, ५, ६. जे, के, एल म्हणजे १, २, ३. एम म्हणजे शून्य. बटणाच्या कोपऱ्यात निळ्या रंगात तसं बारीक छापलेलं असायचं. लॅपटॉप एकटा असताना हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पण त्याला बाहेरचा कीबोर्ड लावला आणि तिकडे हिशेब करायला कुणी नमलॉक दाबला, की नोंद तर एकच. लॅपटॉपचाही नमलॉक लागला. बाहेरच्या कीबोर्डवर आकडे झकास येतायत, आणि लॅपटॉपवर जो कुणी इंग्रजीत पत्र लिहायला बसलाय त्याचं गाव उठलंय.

भावाच्या पहिल्या लॅपटॉपवर हे नित्य चालायचं. अशिलांची नावं इंग्रजीत घालायची असत. कुलकर्णी लिहायला घेतलं की पहिली चार अक्षरं २४३२ अशी उमटत, मग ए, आर, एन सुखरूप, आणि शेवटी पुन्हा ५. जोशी १६ ने सुरू होऊन ५ वर संपत. लिमयांचं थेट ३५०, मग एवायई. मोकाशी ०६२. या तडाख्यातून पूर्णपणे वाचलेलं एकच घराणं भावाला सापडलं, ते म्हणजे भावे. त्यांच्या नावात त्या भागातलं एकही बटण येत नाही. गोखले तर ओ, के आणि एल अशा तीन ठिकाणी जखमी. ताईंनी याद्या केल्या होत्या. एक वयस्कर अशील आपली फाईल बघायला आले, पडद्यावर आपल्या नावाच्या जागी आकडे बघितले आणि म्हणाले, "हे करपात्र आहे का?"

नव्या लॅपटॉपवर अक्षरांचे असे आकडे होत नाहीत, त्यामुळे निदान आडनावं वाचली. पण नमलॉक सुरुवातीला चालू असावा की बंद, हा वाद अजून मिटलेला नाही. विंडोज सुरू होताना तो चालू हवा असेल तर तिच्या रजिस्ट्री नावाच्या तळघरात उतरून एक किंमत बदलावी लागते. आधी तिथे २१४७४८३६४८ असतं, ते २१४७४८३६५० करायचं. म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे अठ्ठेचाळीसमध्ये दोन रुपये मिळवायचे, की दिवा लागतो. भावाने व्यवसायाच्या सवयीने विचारलं, "बाकीचे दोन अब्ज कुणाच्या खात्यावर?"

स्क्रोललॉकबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण तो कशासाठी आहे हे एक्सेलवाल्यांशिवाय कुणाच्याच ध्यानात नाही. एक्सेलमध्ये तो लागला की बाणाच्या बटणांनी चौकट हलत नाही, सगळी शीटच सरकते. एरवी तो दोन संगणकांत एकच कीबोर्ड वापरायच्या डब्यांना खूण म्हणून कामाला येतो. दोनदा दाबला की पलीकडचा संगणक. दुसऱ्या कुणालाच लागत नाही म्हणून तर त्याची निवड झाली. पण अनेक कीबोर्डांच्या गोष्टीतली सगळ्यात सुबक अडचण त्याचीच आहे. बाहेरच्या कीबोर्डवर चुकून स्क्रोललॉक लागतो. मग भाचा गेम खेळायला तो कीबोर्ड काढून घेऊन जातो. उरतो लॅपटॉप, आणि बऱ्याच लॅपटॉपवर स्क्रोललॉकचं बटणच नसतं. कीबोर्ड गेला, पण नोंद संगणकाकडे. ती जशीच्या तशी. एक्सेल खाली पट्टीत लिहितं की स्क्रोललॉक चालू आहे, आणि तो बंद करायचं बटण भाच्याच्या खोलीत. यावर उपाय म्हणजे विंडोजचा पडद्यावरचा कीबोर्ड उघडायचा आणि त्यावर माऊसने स्क्रोललॉक दाबायचा. तो उपाय सापडेपर्यंत भाच्याला बऱ्याच गोष्टी ऐकून घ्याव्या लागतात, त्यांतल्या निम्म्या त्याच्या वडिलांबद्दल असतात.

बिनतारी कीबोर्ड आले आणि बॅटरी वाचवायला बऱ्याच जणांनी दिवेच काढून टाकले. आता कॅप्स लागला की पडद्यावर मधोमध एक मोठी पाटी येते आणि जाते. ती कधी येते, तर सासूबाईंना फोटो दाखवत असताना. गूगलच्या क्रोमबुकवर तर कॅप्सलॉकचं बटणच नाही, त्या जागी शोधायचं बटण आहे. ॲपलचा निर्णय मला सर्वांत समंजस वाटतो. त्यांच्या कीबोर्डवर कॅप्सलॉक लागायला तो क्षणभर दाबून धरावा लागतो, नुसता धक्का लागून लागत नाही. चुकून केलेल्या आणि ठरवून केलेल्या गोष्टीत फरक करता येतो असं मानणारा हा एकच कारखानदार निघाला.

दुरून संगणक चालवायचा, म्हणजे घरच्या संगणकात ऑफिसचा संगणक उघडायचा, की नोंदी दोन होतात आणि त्यांचं पटेलच असं नाही. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने म्हणून एक रिवाज ठेवला आहे. त्या खिडकीत शिरलात की इकडचा संगणक आधी तिकडे सगळ्या लॉकांची खबर पाठवतो, मग पुढचं बोलणं. सगळेच प्रोग्रॅम इतके शिष्टाचारी नसतात. मग इकडे कॅप्स चालू, तिकडे बंद, आणि मधे पासवर्ड, तोही ठिपक्यांचा. तिसऱ्या चुकीला खातं बंद होतं आणि ऑफिसचा सपोर्टवाला फोनवर शांतपणे विचारतो, "सर, कॅप्सलॉक ऑन आहे का?" आता याचं खरं उत्तर 'कुणाचा?' असं आहे, पण तेवढं सांगत बसायला वेळ कुणाला.

इतका निरुपद्रवी दिसणारा हा दिवा, पण इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्याच्यावर पेपर लिहिला. इंटरनेटपासून पूर्ण तोडून ठेवलेल्या संगणकात शिरलेला चोर प्रोग्रॅम कीबोर्डचे दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद करून बाहेर माहिती धाडू शकतो. समोर प्रकाश टिपणारं यंत्र असेल तर एकेका दिव्यातून सेकंदाला ३००० बिटांपर्यंत. नील स्टीफन्सनच्या १९९९ सालच्या 'क्रिप्टोनॉमिकॉन' कादंबरीत तुरुंगातला नायक याच दिव्यांतून मोर्स वाचतो. पण भावाच्या कार्यालयातून कुणाला काही चोरायचं असेल तर दिव्यांपर्यंत जायची गरज नाही. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेला आहे, मोठ्या अक्षरांत, कॅप्सलॉक लावूनच.

या सगळ्यात मला हेवा वाटतो तो जपान्यांचा. यूएसबीच्या दिव्यांच्या यादीत नम, कॅप्स, स्क्रोल आणि कंपोज यांच्यानंतर पाचवा आहे काना, त्यांच्या लिपीचा. आपण काना टाइप करतोय की रोमन, हे दिव्यावरून कळावं म्हणून. आपल्याला खरं तर हाच दिवा सगळ्यांपेक्षा जास्त हवा. दिवसातून असंख्य वेळा मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत उड्या मारायच्या, आणि आपण कुठे आहोत हे कळायला पडद्याच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर. बँकेचा पासवर्ड मराठीत टाइप झाल्याचं ठिपक्यांतून कळणार कसं? अर्ध्या महाराष्ट्राची खाती याच कारणाने बंद पडत असतील.

बरं, जागा नाही म्हणावं तर तसंही नाही. दिव्यांचा निरोप आठ बिटांचा, त्यातल्या पाचांवर दिवे आणि उरलेले तीन नुसते भरतीला ठेवलेत. तीन जागा रिक्त! भावाने हे ऐकल्या ऐकल्या मराठी दिव्यासाठी निवेदनाचा मसुदा करायला घेतला. पहिला परिच्छेद झाला नाही तोच पलीकडून ताईंनी विचारलं की दिवा इन्स्क्रिप्टवाल्यांचा असणार की रोमनमधून मराठी टाइप करणाऱ्यांचा, कारण त्या रोमनवाल्या आहेत. भाऊ इन्स्क्रिप्टवाला. तिसरी जागा जुन्या फाँटवाल्यांनी मागितली तर काय करायचं, हाही मुद्दा निघाला. त्यांच्याकडे कॅप्सलॉक लागला की सगळा मजकूरच दुसरा होतो, तेव्हा त्यांची निकड मोठी. निवेदन सध्या चर्चेसाठी ठेवलेलं आहे.